बिनक्लचची तांबडी

आमच्या जावयांची एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. कुणाचीही गाडी बघायला गेले की रामराम व्हायच्या आधी पुढच्या चाकाला लाथ मारायचे. टायर टणक आहे का ते बघतात म्हणे. आता मी तुमच्या दारात म्हैस बघायला आले आणि आल्या आल्या तिच्या मांडीवर लाथ घातली, तर तुम्ही मला चहा विचाराल का? पण बोलणार कुणाला. आमची आई म्हणायची, जावई हा दहावा ग्रह. नऊ ग्रहांची शांत घालता येते, दहाव्याला नुसतं जेवायला वाढायचं.

त्या रविवारी शिरोलीजवळ हायवेच्या कडेला, म्हाताऱ्या मुल्लाणींच्या जुन्या गाड्यांच्या आवारात शिरलो आणि जावयांनी पांढऱ्या गाडीच्या चाकाला ठप्पकन लाथ घातली. मुल्लाणी बाकावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. वर न बघता म्हणाले, "जावईबापू, हळू. गाडी झोपलीय."

जावयांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, वर होऊन बघितलं, आणि माझ्याकडं येऊन हळूच म्हणाले, "मामी, ही काय खरी नाही. मागचं दार बदललेलं आहे."

हा तिसरा रविवार होता आणि ही सहावी गाडी.

आता त्याला बरीच वर्षं झाली. माझी नात चिऊ तेव्हा पहिलीत होती, आता कॉलेजला जाते. पण तो रविवार मला अजून सकाळच्या धारेसारखा ताजा आठवतो.

आमचं घर पेठ वडगावचं. माझी शाळा चौथीपर्यंत. मालक गेले तेव्हा माझी एकुलती एक शैला दहा वर्षांची होती, आणि तिथून पुढचं सगळं म्हशींनी केलं. म्हशीतलं मला कळतं ते बापाकडून. माझा बाप भैरू म्हशींचा व्यापारी, आणि बाजारात त्याची एकच ओळख होती: भैरू खोड सांगून विकतो. म्हैस लाथ मारत असेल तर सांगायचा, एक सड बंद असेल तर सांगायचा. म्हणायचा, "गिऱ्हाईक धार काढायला बसलं की त्याला कळणारच हाय. मग आपणच आधी सांगितलं तर आपलं काय जातंय?" मी त्याची लेक, हे मी चारचौघांत फार ताठ मानेनं सांगायची.

शैलाला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला. बाकी पोरगी खणखणीत. शिकली, बँकेत लागली, चांगल्या घरात पडली. जावई रणधीरराव बाहेरगावचे, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तार भरून द्यायचं दुकान; लग्नानंतर ते त्यांनी आमच्याच गावात आणलं. हातात खरी विद्या. विहिरीतल्या मोटारीचा आवाज बांधावर उभं राहून ऐकायचे आणि आतलं काय गेलंय ते सांगायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांनी शैलाला कधी टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. रोज फटफटीवरून तिला कोल्हापूरच्या बँकेत सोडायचे, संध्याकाळी आणायचे. फक्त गाडीचा विषय निघाला की माणूस बदलायचा. मान वर, छाती पुढं, आणि तोंडात सगळं इंजिन.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. आषाढात चिखलावरून फटफटी घसरली आणि शैलाचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये गेला. आणि दसऱ्याला तिला बढती मिळाली. साहेबीण झाली, पण शाखा कुठली, तर कोल्हापूरच्या पलीकडं, पार कळे गावाच्या पुढं. दोन एसट्या बदलायच्या आणि एसटीची पायरी तिच्या गुडघ्याएवढी. दिवाळी झाली की हजर व्हायचं होतं.

शैला एके दिवशी भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, गाडी नाही जमली तर मी तिकडंच खोली घेते. चिऊला तुझ्याकडं ठेवते. शनिवारी-रविवारी येत जाईन."

सहा वर्षांची पोर आईवाचून. मी पुढच्याच बाजारी दोन मुऱ्हा म्हशी विकून टाकल्या आणि सांगितलं, गाडी घ्यायची. जुनी घ्यायची, पण घ्यायची.

इथून पुढं खरा तंटा. शैलाच्या बँकेतल्या एका बाईंची गाडी बिनक्लचची होती. तिला डाव्या पायाचं कामच नाही. उजव्या पायानं पळवायची, उजव्या पायानंच थांबवायची. शैला वर्षभरात तिच्यावर शिकली, तसल्या गाडीचं लायसनही काढलं. तिचं म्हणणं एवढंच, की तसलीच घेऊ, म्हणजे मी माझी जाईन.

जावई म्हणाले, "ती काय गाडी झाली? तो जत्रेतला पाळणा. बसायचं आणि फिरायचं. गाडी म्हणजे हातात गिअर आणि पायाखाली क्लच. क्लचवाली घेऊ. मी सोडीन, मी आणीन."

"आणि दुकान?" शैला म्हणाली.

"दुकान कुठं पळून जातंय?"

"गिऱ्हाईक जातंय की."

"मामी, तुम्हीच सांगा," म्हणून ते माझ्याकडं वळले, आणि मी आपली, "तुम्हाला जास्त कळतंय," असं म्हणून पदर तोंडात कोंबला. सासूला दुसरं काय बोलता येतं?

पहिल्या रविवारी कोल्हापुरात एका प्राध्यापकांकडं गेलो. गाडी धुऊनपुसून उभी. मी सहज पुढच्या बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. मला हसू आलं. बाजारात लबाड माणूस म्हशीची एक वेळची धार चुकवतो. कास तट्ट फुगते, गिऱ्हाईकाला वाटतं केवढी दुधाची आहे. तसंच हे. सकाळी थंड असताना गाडी उठत नसणार, म्हणून आम्ही यायच्या आधी तापवून ठेवली होती. मी शैलाला डोळ्यानं खूण केली. पण जावयांनी ते बघितलंच नाही. ते म्हणाले, "हिचा हॉर्न बरोबर नाही," आणि चहाही न घेता उठले.

दुसऱ्या रविवारी इचलकरंजीत चार गाड्या. त्यातली एक तर अशी होती, की म्हैस असती तर मी डोळे झाकून दावं सोडलं असतं. एकाच मालकानं वापरलेली, घरात ठेवलेली, गार असून पहिल्या चावीला उठली. क्लचवालीच, जावयांना पाहिजे तशी. मालक म्हणाला, "या फिरवून." जावई म्हणाले, "नको, क्लच जड आहे." मी त्यांच्या पायाकडं बघितलं. पाय फरशीवर होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाजारात असाही एक गडी असतो. दर हप्त्याला येतो, दहा म्हशींचे दात बघतो, दहांना नावं ठेवतो, पण चरवी घेऊन धारेला एकदाही बसत नाही. त्याला म्हैस घ्यायचीच नसते. क्लचवालीत खोट, आणि बिनक्लचची नकोच. म्हणजे झालं काय? गाडीच नको. पण का नको? रोज पन्नास मैल फटफटी हाणायची हौस आहे का माणसाला? बायको वेगळी राहिलेली चालणार आहे का? की ती साहेबीण झाली ते पोटात दुखतंय? तसलं काही असतं, तर दहावा ग्रह असो की विसावा, मी शांत घातली असती.

तर तो तिसरा रविवार. हजर व्हायला चार दिवस राहिले होते.

मुल्लाणी सुपारी गालात सरकवत म्हणाले, "अक्का, तुम्ही भैरू व्यापाऱ्याची लेक नव्हं? माझा बाप आणि तुमचा बाप एका झाडाखाली म्हशी बांधत होते. तुम्हाला फसवून मला वर गेल्यावर दोघांचे जोडे खायचे नाहीत. दोन गाड्या हायत. पांढरी क्लचची, तांबडी बिनक्लचची. बघा."

"तांबडी बघायचीच नाही," जावई म्हणाले.

"बघायला काय पैसे पडतात?" शैला म्हणाली. तिनं तांबडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गार होती. पोरगी शिकली होती.

जावई पांढरीकडं वळले. मुल्लाणींनी चावी फिरवली. जावयांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि म्हणाले, "पट्ट्याच्या बाजूला एक बेअरिंग ओरडतंय. महिनाभरात जाम होणार."

मुल्लाणींची सुपारी चावायची थांबली. "आमच्या मिस्त्रीनं हे कालच सांगितलं. तेही खोलून बघितल्यावर."

मला अभिमान वाटला. पण किडा वळवळतच होता.

"बेअरिंग मी घालून देतो," मुल्लाणी म्हणाले. "ही घ्या चावी. एक फेरी मारून या."

"कशाला?" जावई म्हणाले. "गाडी आवाजावरून कळते."

"आवाजावरून गाणं कळतं, जावईबापू. गाडी चालवून कळते."

"माझी आज कंबर धरलीय."

"मघाशी खाली वाकून बघत होतात की," शैला म्हणाली.

"तेव्हाच धरली."

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथं नाचणारा अंगणात उतरतच नव्हता. मी पुढं झाले, पांढरीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. पदर नीट केला.

"रणधीरराव," मी म्हणाले, "आजवर मी तुमच्याकडं काही मागितलं नाही. जावयाच्या गाडीतून एक फेरी मारायची फार दिवसांची इच्छा आहे. हायवेपर्यंत नेऊन आणा. मग ही घ्यायची का नाही तुम्ही ठरवा, मी एक शब्द बोलणार नाही."

आता सासूनं चारचौघांत असं मागितल्यावर जावई नाही कसं म्हणणार? त्या रीतीनं मला नऊ वर्षं गप्प बसवलं होतं. म्हटलं, आज जरा माझ्याही कामाला येऊ दे.

जावई बसले. अंगावर येणाऱ्या म्हशीजवळ बसावं तसे, एक पाय बाहेर ठेवून. मग तोही आत घेतला. आरसा पुसला. परत पुसला. खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली. मुल्लाणींचं आवार उतारावर होतं, वर हायवे, आणि खाली शेजारच्या रिकाम्या जागेत कुणीतरी भाताच्या पेंढ्याची मोठी गंज रचून ठेवली होती. गाडीचं तोंड हायवेकडं.

गाडी सुरू झाली. एक हिसका बसला, बांधलेलं रेडकू उडी मारतं तसा, आणि गाडी बंद.

"थंड आहे," जावई म्हणाले.

परत सुरू, परत उडी, परत बंद. माझा अंबाडा सुटला.

"अजून थंडच आहे का?" मी विचारलं.

 त्यांनी पायानं काहीतरी दाबलं, दोन खुर्च्यांमधला हातब्रेकचा दांडा खाली सोडला, आणि गाडी निघाली. अगदी गुळगुळीत निघाली. मला क्षणभर बरं वाटलं. मग बघते तर मुल्लाणींचा बाक पुढं पुढं चालला होता.

"जावईबापू, आपल्याला हायवेला जायचंय ना?"

"हो मामी."

"मग हायवे लांब का जातोय?"

"उतार आहे मामी."

"मग थांबवा की."

"थांबवतोय. पाय चुकतोय."

शैला ओरडत होती, "ब्रेक, अहो मधला, मधला." मुल्लाणी नुसते उभे राहिले होते आणि अडकित्ता छातीशी धरला होता. आणि मग धप्प. लागलं काहीच नाही. गादीत पडावं तसं वाटलं. पण अर्धी गंज वरून अंगावर आली. मागची काच गेली, बाजूच्या काचा गेल्या, समोरचीही गेली, म्हणजे दिसायच्या बंद झाल्या. आत पिवळा अंधार आणि नव्या पेंढ्याचा वास.

 मी अंबाडा बांधला. बाहेरून काचेवर टकटक झाली.

"आई, लागलं का?"

"नाही लागलं. तू जरा थांब. आम्ही बोलतोय."

"आत?"

"आतच."

जावयांचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगच्या चाकावर होते, जणू गाडी चाललीच आहे.  धारेला बसल्यावर म्हशीची घाई करायची नसते.

"मामी," ते समोर बघत म्हणाले, "मला गाडी येत नाही."

"ते आता गंजीलाही कळलं."

"कधीच येत नव्हती. तीनदा क्लास लावला. शैलाला चोरून. माझ्या डाव्या पायाचा आणि उजव्या पायाचा मेळच बसत नाही. क्लच सोडताना घाम फुटतो. शिकवणारा म्हणाला, तुम्ही मोटारी भरा, त्यात नाव कमवा."

"मग बिनक्लचच्या गाडीला नावं का ठेवत होतात? शैलाची शैला गेली असती."

"ती चालवणार आणि मी शेजारी बसणार. लोक विचारणार, रणधीर, तू का रे चालवत नाहीस? मग तुमच्या कानावर जाणार."

"माझ्या? माझा काय संबंध?"

आता ते मागं वळले. केसात पेंढ्याच्या चार काड्या.

"मामी, आम्ही मुलगी बघायला आलो तेव्हा तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता. शिक्षण नाही विचारलं, दुकान नाही विचारलं. विचारलं, मुलाला चार चाकी गाडी चालवता येते का."

मला आठवलं. विचारलं होतं. ते म्हणाले होते, येते. आणि मी मनात म्हटलं होतं, देवाला काळजी.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले. "खोड लपवून सौदा केलात. माझा बाप असता तर..."

"मामी, त्या दिवशी पोहे शैलानं आणले नाहीत. तुमच्या जावेनं आणले. शैला आधीपासून शिवणाच्या मशीनवर बसून होती. आम्ही गेलो तरी ती उठली नाही."

 नऊ वर्षं मला वाटत होतं की हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. साखरपुड्यादिवशी मी त्यांच्या आईला म्हटलं होतं, पोरगी जरा पाय ओढते हं. तेही कसं, पेढा पुढं करता करता. भैरूची लेक मी. बाजारात म्हशीची बारीकशी खोड सांगणारी, आणि पोटच्या पोरीच्या वेळी तिला मशीनच्या मागं बसवून ठेवणारी.

"तेव्हा कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याआधी. उंबऱ्याबाहेर तिच्या चपला होत्या. डाव्या चपलेला टाचेखाली जास्तीचं चामडं शिवलेलं. मी माझ्या चपला तिथंच काढल्या."

चपला. पोरीला बसवली, जावेला शिकवली, दारात रांगोळी काढली, आणि चपला उचलायच्या राहिल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? आत आलो तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, की हा पोहे खाताना मिशीला लावून घेणार. आणि मी लावून घेतले. ती हसली. मला तिथंच पसंत पडली. मग तुम्ही विचारलं, गाडी येते का. का विचारताय ते मला चपलांवरून कळलंच होतं. नाही म्हटलं असतं तर पोरगी हातची गेली असती. म्हणून म्हटलं, येते. वाटलं, लग्नापर्यंत शिकू."

"नऊ वर्षं झाली."

"मेळ बसत नाही मामी."

बाहेर पेंढा सरकल्याचा आवाज आला. समोरच्या काचेवर हाताएवढी जागा मोकळी झाली आणि तिथून शैलाचा डोळा दिसला. मग तिनं दोन्ही हातांनी पेंढा ओढून बाजूला टाकला, मुल्लाणींनी दार मोकळं केलं आणि आम्ही बाहेर आलो. मुल्लाणींनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग म्हणाले, "ओरखडा पण नाही. जावईबापूंनी जागा चांगली निवडली."

जावई खाली मान घालून शैलाला म्हणाले, "मला गाडी येत नाही गं."

"ठाऊक आहे," ती त्यांच्या केसातल्या काड्या काढत म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नानंतर दोन महिन्यांनी तुमचं पाकीट धुवायच्या कपड्यांत सापडलं. लायसन नुसतं फटफटीचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग फारच वेळ झाला. मग वाटलं, राहू दे, एवढी एकच फुशारकी आहे बिचाऱ्याला." आणि ती हसायला लागली. "माझा डावा पाय असा, तुमचा डावा पाय तसा. आपल्या घरात क्लचवाली आणून बांधली असती, तर तिच्यावर कोंबड्या बसल्या असत्या."

मुल्लाणी पाठ फिरवून खोकल्यासारखं करत होते.

मी तांबडीकडं बोट केलं. "शैले, ती सुरू कर." शैला बसली. पहिल्या चावीला उठली. मी जावयांना म्हणाले, "रणधीरराव, आता डोळे मिटा आणि ऐका. पण खरं सांगा."

त्यांनी बॉनेट उघडलं. या वेळी चाकाला पाय लावला नाही. बराच वेळ कान देऊन उभे राहिले. शैलाला वेग वाढवायला सांगितला, कमी करायला सांगितला, आत हात घालून काय काय चाचपलं. मघाचा मान वर केलेला माणूस गेला आणि बांधावरून मोटार ओळखणारा माणूस परत आला.

"पट्टा जुना झालाय," ते म्हणाले. "तो मी बदलतो. बाकी इंजिन गुणी आहे मामी. सोडू नका."

"आई, बस," शैला म्हणाली.

मी पुढं बसले. पांढरी ज्या उतारावरून मागं गेली होती, त्याच चढावरून तांबडी वर निघाली. शैलाचा डावा पाय खाली निवांत, पोतं टाकल्यासारखा. हायवेच्या कडेकडेनं गेलो, पुढून वळलो. एकदा ट्रक आडवा आला तर तिनं हॉर्नही न देता वाट काढली. मी तिच्याकडं बघत होते. नऊ वर्षांपूर्वी याच पोरीला मी मशीनमागं बसवली होती.

"काय बघतेस?" ती म्हणाली.

"काही नाही. पुढं बघ."

"दात बघत असशील. आई, मी म्हैस नाही हं."

"म्हैस असतीस तर एवढी बोलली नसतीस."

परत आलो. मुल्लाणी म्हणाले, "अक्का, भैरूच्या लेकीला खोड सांगायला पाहिजे. ही चढाला जरा थबकते. विचार करते आणि मग निघते."

"थबकू दे," मी म्हणाले. "विचार न करता निघालेली मघाशी बघितली."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं धरला. किती वर्षांनी. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचा, बोटं धरायची, दाबायची, सोडायची. कोण किती म्हणालं ते दोघांनाच कळतं. मी हात घातला. त्यांनी बोटं धरली, मी सोडवली. मी धरली, त्यांनी सोडवली. तिसऱ्यांदा धरली ती त्यांनी राहू दिली. "तुमच्या बापाचाच हात," म्हणाले आणि टॉवेल झटकला. "कागद मंगळवारी करू. गाडी आज न्या."

जावई एका बाजूला उभे होते. हातात पेंढ्याची काडी, तिचे बारीक बारीक तुकडे करत. त्यांना वाटत असणार, आता ही म्हातारी नऊ वर्षांचं सगळं काढणार. मला तरी काय बोलावं ते कुठं कळत होतं? रागवायला तोंड राहिलं नव्हतं, आणि गप्प बसायची सवय मला नाही.

मी तांबडीचं मागचं दार उघडलं. शैला स्टेअरिंगपाशी बसली होती, मुल्लाणी सुपारी कातरायचे थांबले होते. सासूनं जावयाला चारचौघांत बोलायचं नसतं.

"जावईबापू," मी म्हणाले, "त्या दिवशी खोड सांगितली असती ना, तरी मी तुम्हालाच जावई केलं असतं. आता चाकाला लाथ न मारता मागं बसा."